पाणी मानवणं

क्लबात माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे.
काम एवढंच : आलेल्या खेळाडूला गाव दाखवायचं,
आणि काय दाखवायचं नाही ते लक्षात ठेवायचं.

संडरलंड. डिसेंबर.
मागच्या सीटवर इतुराल्दे, पायसांदूचा,
चोवीस वर्षांचा, डाव्या पायाचा;
शेजारी बायको हिमेना, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ,
एका पायात हिरवा मोजा, एका पायात पांढरा.
पगार ठरला होता.
डॉक्टरांनी गुडघे दाबून, वाकवून पाहिले होते.
उरलं होतं ते फक्त गाव.

मी समुद्र दाखवला.
समुद्र त्या दिवशी भांडी विसळलेल्या पाण्यासारखा.
दीपस्तंभ दाखवला, नदीवरचा पूल दाखवला,
वडील जिथे जहाजांना रिबिटं मारायचे
ती जागा न दाखवता वळण घेतलं.
मग घर. पाच खोल्या, फरशी आतून गरम.
हिमेनानं बूट काढून एक पाऊल टेकवलं
आणि हसली.
जमलं, मी मनात म्हटलं.

खिडकीपाशी जाऊन तिनं विचारलं,
"किती वाजले?"
पावणेचार.
बाहेर दिवे लागलेले, रस्ता पुसून काढल्यासारखा.
"लोक कुठे गेले?"
घरी गेले.
"आणि मग?"

बावन्न वर्षं काढली मी इथे.
शनिवारी मॅच, रविवारी मॅचवर बोलणं,
बाकीचे दिवस पुढच्या शनिवारकडे तोंड करून.
'आणि मग' असं
कुणी कधी विचारलंच नव्हतं.

दुसरं बोलावणं सेव्हियाचं होतं, पगार तिसऱ्या हिश्शानं कमी.
तिथे म्हणे रात्री दहाला ताटं वाढतात,
अकरा वाजता चौकात बाबागाड्या फिरतात,
म्हातारी माणसं अनोळखी बाळांचे गाल ओढतात.
रस्त्यावर संत्री गळून पडतात
आणि कुणी उचलत नाही, कडू असतात म्हणून.
हे सगळं तिनंच सांगितलं, परतताना,
माझीच माफी मागत असल्यासारखं.

तो गप्प होता.
थर्मासमधलं पाणी भोपळ्याच्या पेल्यात ओतत होता.
त्यांच्याकडचा तो हिरवा काढा, माते.
सिग्नलला थांबले तसा पेला पुढे केला.
मी नळीनं ओढला. कडूजहर.
तळापर्यंत प्याले, आणि रीत म्हणून
थँक्यू म्हटलं.

तो जरा थांबला, मग मान हलवून पेला आत ठेवला.
नंतर कळलं,
त्यांच्यात थँक्यू म्हणजे
आता मला पुरे, पुन्हा भरू नका.

ते सेव्हियाला गेले.
पबमध्ये म्हणाले, पैशाच्या मागे गेला.
पेपरात आलं, प्रशिक्षकाशी सूर जुळला नाही,
एकानं तर बाण काढून आकृतीच छापली.
पावणेचार वाजले होते, हे कुठेच छापून आलं नाही.
अन् मी तरी कुणाला सांगणार
की पोराला आमचं पाणी मानवणार नव्हतं,
हे त्याच्या आधी तिला कळलं, अनवाणी.

फेब्रुवारीत याकुप आला, फेरो बेटांवरचा.
पार्कपाशी म्हणाला, थांबवा.
उतरला आणि चेस्टनटच्या खोडाला
दोन्ही तळवे लावून उभा राहिला,
घोड्याला शांत करावं तसा.
"केवढी झाडं आहेत तुमच्याकडे!"
त्या झाडाखालून मी पन्नास वर्षं जातेय.
वाऱ्याचा त्रास नाही ना होत, मी घाबरत विचारलं.
"कुठला वारा?"
संध्याकाळी सही केली.

इतुराल्देचं मातेचं पाकीट
माझ्या गाडीच्या कप्प्यात राहून गेलं.
कधी पावणेचारला, दिवे लागताना,
चहाच्या मगात घेते थोडं.
अजून कडूच लागतं.
पण थँक्यू म्हणायला समोर कुणी नसतं,
म्हणून पुन्हा ओतते.